दोन पडदे आणि उजवा डोळा

एकतीस वर्षं मी एस.टी. चालवली. भोरहून वरंधा घाटातून महाडला, कधी वेल्ह्याची मुक्कामी गाडी, पावसाळ्यात भाटघरच्या कडेकडेनं. हातून एकदाही नाव ठेवण्यासारखं काही झालं नाही. मिरवायला सांगत नाही, पण खरं आहे ते लपवू तरी कशाला?

शेवटच्या वर्षी तपासणीत उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, साधं काम आहे. मी मान डोलावली आणि गेलो नाही. घाटात दरीच्या अंगानं गाडी काढताना जो कधी घाबरला नाही, तो डोळ्याला कुणी हात लावणार म्हटल्यावर तारखा पुढे ढकलायचा. राहिलेले महिने डेपोत टेबलावर बसून काढले आणि रिटायर होऊन विंझरला घरी आलो. डोळ्याचा विषय मी घरात काढू दिला नाही.

मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला. तिनं त्यात बस चालवायचा गेम घालून दिला, वर स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं आणून जोडली. गेममधले रस्ते परदेशातले, पण बस ती बसच. पहिल्या दिवशी थांब्याला गाडी लावली, दार उघडलं, माणसं चढली, आरशात बघून गाडी बाहेर घेतली, आणि कितीतरी दिवसांनी मला ताठ बसल्यासारखं वाटलं. गावात लोक हसले. हसू दे. रोज न्याहारी झाली की माझी दोन तासांची ड्युटी सुरू.

मग एका सकाळी बायकोच्या शेळीचं करडू घरात शिरलं. खुर्चीवरून टेबलावर चढलं आणि मॉनिटरला अशी टक्कर दिली की तो मागच्या मागे भिंतीवर आदळून खाली आला. पडद्याचं पार भजं झालं. मी काही बोलायच्या आत बायकोच म्हणाली, "माज्या करडानं फोडलाय, तवा नवा मी घिऊन देनार. पन निवडायला मी येनार, सांगून ठिवते."

मुलीला फोन लावला. तिनं दोन मॉनिटर सुचवले. दोन्ही सत्तावीस इंची, दोन्ही गेमिंगचे, किंमतही जवळजवळ तीच. "एक वाकडा आहे बाबा, म्हणजे कडेनं आत वळलेला. दुसरा सपाट. हर्ट्झचे, म्हणजे चित्र किती वेगानं बदलतं त्याचे, आकडे बघत बसू नका, आपला जुना कॉम्प्युटर एवढा पळतच नाही. वाकड्यात काळा रंग छान दिसतो. तोच घ्या, सगळे तोच घेतात."

"चालवून बघतो आणि मग ठरवतो," मी म्हणालो.

"दुकानात कुठे चालवणार?"

ते मी ठरवलं होतं. कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला, स्टिअरिंग आणि पेडलं बायकोच्या पिशवीत घातली आणि आम्ही दोघं एस.टी.त चढलो. ओळखीचा कंडक्टर होता. गोधडीतून डोकावणाऱ्या वायरी बघून म्हणाला, "काय हो, रिटायर झालात तरी गाडीचे पार्ट सुटंना?" मी हसून तिकीट घेतलं. नसरापूरला गाडी बदलून भोरला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते.

स्टँडजवळचं ते कॉम्प्युटरचं दुकान एक तिशीतली बाई चालवते. आम्ही काउंटरवर गोधडी सोडली तेव्हा तिला वाटलं दुरुस्तीला आणलाय. मी सांगितलं, "दोन्ही मॉनिटर शेजारी लावा. मी आधी यावर चालवणार, मग त्यावर." तिनं माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि दोन्ही खोकी फोडली. तिचे मला आजही उपकार वाटतात, कारण तिनं एकदाही असं विचारलं नाही की काका, या वयात?

आधी वाकडा. लावल्या लावल्या आम्ही तिघंही पुढे वाकलो, इतका तो देखणा होता. बोगद्यात गाडी शिरली तर आतला अंधार खरा अंधार. बायको म्हणाली, "ह्योच घ्या. किती झ्याक दिसतोय!"

मी गाडी पुढे काढली. दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि रस्त्यावर सावली असा पट्टा लागला. वळण घेतलं आणि सावलीतलं सगळं फराटलं. ओल्या पाटीवरून बोळा फिरवावा तसं. आरशात मागून एक मोटारसायकल येत होती, ती सावलीत शिरली आणि नुसता काळा डाग झाली. मी ब्रेक दाबला.

खरं सांगतो, तेव्हा मला घाम फुटला. पडद्यात काही दोष असेल हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, डोळा. डाव्या डोळ्यावर निभावत होतो, आता तेही संपलं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून मी चष्मा पुसला. दुकानदार बाईनं विचारलं, "काका, काही अडलं का?"

मी बायकोला जवळ बोलावलं. "मी वळण घेतो. झाडाखाली काय दिसतं ते सांग. जे दिसेल तेच सांग."

तिनं पदर खोचला आणि पडद्यासमोर वाकली. मी वळण घेतलं.

"झाडं फुडं जात्यात," ती म्हणाली, "आन् सावली मागं ऱ्हातीया. लांबतीया."

"नक्की?"

"अवो, माजं डोळं चांगलं हायेत."

माझ्या जिवात जीव आला. दुकानदार बाईला आता माझं कोडं कळलं. म्हणाली, "बरोबर आहे काका. या प्रकारच्या पडद्यात काळा रंग बदलायला जरा वेळ लागतो. थांबा." तिनं मॉनिटरची बटणं दाबून आत कुठलं तरी सेटिंग वाढवलं. फराटा कमी झाला, पण आता प्रत्येक झाडाच्या कडेला फिकट पांढरी रेघ पळायला लागली. ती स्वतःच म्हणाली, "हे काही खरं नाही."

मग सपाट लावला. बोगदा तेवढा काळा नव्हता, कोळशावर राख बसावी तसा. बायकोनं नाक मुरडलं. पण झाडीच्या पट्ट्यात मोटारसायकल शेवटपर्यंत मोटारसायकलच राहिली, तिचा दिवासुद्धा वेगळा दिसत होता. आणि या मॉनिटरचा स्टँड वरखाली होत होता. माझ्या चष्म्याला वर लांबचं आणि खाली जवळचं अशी दोन भिंगं आहेत; पडदा उंच असला की मान मागे टाकून मानेचा काटा ढिला होतो. मी तो खाली घेतला आणि अख्खा एक फेरा मारला, नऊ थांबे. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्यालाही बाईनं थांबवलं.

"हा," मी म्हणालो.

"काका, लोक वाकडाच नेतात," बाई म्हणाली. "नंतर बदलून मिळणार नाही, विचार करा."

"लोकांना बघायचा असेल. मला चालवायचंय."

दुकानाबाहेर येईपर्यंत बायको कुरकुरत होती. "पैसं माजं, आन् दिसायला फिक्कट त्यो घेतला." पण खोकं मांडीवर घेऊन तीच बसली, घरी पोचेपर्यंत कुणाला त्याला धक्का लावू दिला नाही.

करडू पुन्हा चढू नये म्हणून घरी मी भिंतीत खिळे मारून उंच फळी केली आणि पडदा तिच्यावर बसवला. मान मागे टाकावी लागू नये म्हणून खुर्चीही उंच केली. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुरू झाली, आणि इतके दिवस टाळलेले झाडीतले आणि पावसातले मार्गही मी घ्यायला लागलो. बायको शेजारी घेवडा निवडत बसायची. आठवड्याभरानं एकदा म्हणाली, "त्या खालच्या कोपऱ्यात धुकं कसलं हाय?"

"कुठं?"

"बोगद्यात शिरलं की. खाली, उजव्या अंगाला."

"मला नाही दिसत. तुला उगाच खोड काढायचीय."

तिनं शेंगांची पाटी खाली ठेवली. "अवो, दोन दोन पडदं चालवून तपासलंत. दुकानात घाम फुटला तुमास्नी, म्या बघितलं न्हवं? डोळा कवा तपासनार?"

एकतीस वर्षं मी गाडी बाहेर काढायच्या आधी ब्रेक, दिवे, टायर बघितल्याशिवाय गेट सोडलं नव्हतं. आणि स्वतःचा डोळा तसाच घेऊन फिरत होतो. "जाऊ," एवढंच म्हणालो. पुढच्या सोमवारी गेलो.

ऑपरेशन थोड्या वेळात झालं. खरंच साधं काम होतं. भीती मात्र मी उगाच दोन वर्षं पोसली. पट्टी सुटली तेव्हा सगळ्यात आधी दवाखान्याची भिंत दिसली. मी ती पिवळी समजत होतो, ती पांढरी होती.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा स्टिअरिंगवर बसलो. बोगदा आला. खालच्या उजव्या कोपऱ्यात पडद्याचंच राखाडी धुकं पसरलेलं होतं, अगदी स्पष्ट. मी बायकोला हाक मारली.

"तुझं खरं होतं. धुकं आहे."

ती भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच दारात आली. "मंग? त्यो वाकडाच बरा हुता म्हना की."

"नाही," मी म्हणालो. "धुक्यातून गाडी कशी काढायची ते मला येतं. फराट्यातून कुणालाच येत नाही."

ती हसली आणि आत गेली. दिवाळीत मुलगी आली, तिनं आपला बंदुकीचा गेम लावून तासभर त्या पडद्याची परीक्षा घेतली. काळा रंग फिका आहे, असं तिनं तीनदा सांगितलं. मग जाताना स्वतःसाठी कुठला घेऊ म्हणून मलाच विचारलं. मी म्हणालो, "आधी तुझा कॉम्प्युटर गोधडीत बांध."