उसन्या वाट्या

मालनबाईंच्या ओसरीवर शेजाऱ्यांच्या वाट्या, चाळणी, खलबत्ता असं सगळं घासूनपुसून मांडलेलं दिसलं आणि मी दारातच थबकले.

कुणी जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून आम्ही काही जणी गावोगाव घरोघर जाऊन विचारपूस करतो. यादी माझ्याकडे असते. गेल्या वर्षी सुमन नावाची एक बाई अशीच उसनी भांडी परत करायला निघाली होती.

"किती टापटीप गं तुझी!" मी सुमनला म्हणाले होते.

"कुणाचं काही राहायला नको, ताई," ती हसून म्हणाली.

मला ते इतकं पटलं की तिच्या नावापुढे 'ठीक' लिहून मी पुढच्या घरी गेले. आठवड्याच्या आत तिनं जीव दिला.

गावात वाटी रिकामी परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात, म्हणजे येणंजाणं चालू राहतं. जिला उद्या पुन्हा मागायला जायचं असतं, तिच्या घरात दुसऱ्याचं काहीतरी राहतंच. गावातच वाढलेल्या मला एवढं कळायला हवं होतं.

"कुठं गावाला निघालात?" मी मालनबाईंना विचारलं.

"मी कुठली जाते! देऊन टाकते ज्याचं त्याला."

यादीची वही पिशवीत घालून मी त्यांच्याजवळ बसले. "मालनबाई, जगणं नकोसं झालंय का?"

रस्त्यावर कुणी नाही ना, ते त्यांनी पाहिलं.

"आत चला," त्या म्हणाल्या. "आणि दार लोटून घ्या."