मूठभर मैदा

कमलिनी सबनीसचा राग अख्ख्या कुवेंपुनगराला ठाऊक आहे. कोपऱ्यावरचा भाजीवाला मंजुनाथ तिची स्कूटर लांबून दिसली की सुकलेली कोथिंबीर गुपचूप मागे सरकवतो. पण बाई मुळात अशी नव्हती हो! अठरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी सांगलीहून म्हैसूरला आली, तेव्हा कन्नड येत नाही म्हणून शेजारणींकडे बघून नुसती हसायची. तिला रागीट केलं ते एका वाक्यानं. "एवढंसं खाल्लं तर काय होतंय?"

तिची लेक आभा सहा वर्षांची असताना वजन वाढेना, पोट फुगायचं, पोरगी शाळेतून आली की भिंतीला टेकून बसायची. वर्षभर दवाखाने झाले, तेव्हा कुठे कळलं की तिच्या आतड्यांना गहूच सोसत नाही. पोळी बंद, ब्रेड बंद, रवा-मैदा बंद, हिंगसुद्धा बघून घ्यायचा, कारण डबीतल्या हिंगात कणीक असते. आणि हे पथ्य चार दिवसांचं नाही, जन्माचं. घरी सगळं जमलं. बाहेर? सासरच्यांनी पोरीला चोरून शंकरपाळी दिली, शाळेत बाईंनी वाढदिवसाचा केक भरवला, आणि दर वेळी तेच. एवढंसं खाल्लं तर काय होतंय! काय होतं ते कमलिनी बादली घेऊन निस्तरायची.

सगळ्यात जास्त चीड यायची ती एका गोष्टीची. या आजाराची माहिती हवी असली तर सगळी इंग्रजीत, आणि त्यातही ओट्स नि बदामाचं पीठ. धपाट्याचं काय करायचं, पुरणपोळीचं काय, हे मराठीत कोण सांगणार? शेवटी तिनंच फोन उभा केला आणि दर शनिवारी पाच मिनिटांचा व्हिडिओ सुरू केला. नाव ठेवलं 'गव्हाविना'. शेजारच्या रम्याच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, म्हणून रम्या तेच सगळं कन्नडमधून सांगायची. फोन धरायची आभा. दोन वर्षांत बघणारे किती जमले? एकेचाळीस. त्यातले निम्मे नातेवाईक.

मराठी मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये सहाशे घरं आहेत. पण त्यावर संदेश टाकायचा हक्क एकट्या अध्यक्षांना, हरिहररावांना. कमलिनीनं त्यांच्या घरी पाच खेपा घातल्या.

"कमलिनीताई, हे फॅड आपल्या मंडळात कशाला?" हरिहरराव म्हणाले.

"फॅड? माझ्या पोरीची आतडी फॅड आहेत का हो?"

नवऱ्यानं, देवेशनं, तिचा दंड धरून तिला खाली आणलं. पण सहाव्या खेपेला हरिहरराव नमले. गणपती जवळ आले होते. त्यांनीच सुचवलं, इंदिराबाईंच्या उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ करा, तो मी टाकतो.

इंदिराबाई म्हणजे मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. पणजोबांपासून कापड रंगवायचा धंदा, तो कधीच बुडाला, मराठीत अर्धी कन्नड मिसळली, पण मंडळाच्या गणपतीचे मोदक पन्नास वर्षं त्यांच्याच हातचे. एकही फुटलेला मोदक त्यांनी कधी देवापुढे ठेवला नाही. व्हिडिओत त्यांनी डब्यातली पिठी उकळत्या पाण्यात घातली, मळली, वाटीसारख्या पाऱ्या करून भराभर कळ्या पाडल्या. तांदूळ, नारळ, गूळ. कमलिनी हसून म्हणाली, "गहू ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनीही निर्धास्त खा."

व्हिडिओ सहाशे घरांत गेला. आणि काय आश्चर्य! अनोळखी लोकांचे निरोप यायला लागले. कुणाची बहीण, कुणाचा नातू, गोकुलममधलं एक म्हातारं जोडपं. अशी सात कुटुंबं. रविवारच्या महाप्रसादाला पहिल्यांदाच सगळ्यांच्या पंगतीत बसणार म्हणाली. कमलिनी त्या दिवशी मंजुनाथाशीसुद्धा गोड बोलली.

गणपती बसले त्या दुपारी मंडळात आभानं दोन मोदक खाल्ले. संध्याकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून गुडघे छातीशी घेऊन पडली.

"खरं सांग, काय खाल्लंस?" कमलिनीनं विचारलं.

"फक्त मोदक, आई."

"मोदकात काही नसतं! मैत्रिणींबरोबर बिस्किटं खाल्लीस ना?"

"नाही गं. देवाशप्पथ, फक्त मोदक."

"खोटारडी कुठली! मी तुझ्यासाठी जिवाचं रान करते आणि तू तोंड वर करून खोटं बोलतेस?"

 आभा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शुक्रवारी कमलिनी व्हिडिओबद्दल आभार मानायला इंदिराबाईंकडे गेली. स्वयंपाकघरात सून रविवारच्या मोदकांची तयारी करत होती. दहा किलो पिठीचा डबा उघडा, आणि ती त्यात दुसऱ्या पिशवीतलं पीठ मुठीनं टाकत होती. पांढरंशुभ्र.

"हे काय घालताय?" कमलिनीचा आवाज चिरका झाला.

"मैदा गं," इंदिराबाई म्हणाल्या. "अय्यो, स्वल्पच. किलोला मूठभर. सासूबाईंनी शिकवलेलं, उकड फाटत नाही बघ."

"व्हिडिओत नव्हतं घातलंत!"

"डब्यात आधीच मिसळून ठेवतो की आम्ही. आणि कॅमेऱ्यासमोर कसं सांगायचं, सांग? घरची खुबी ती. सख्ख्या जावेला नाही सांगितली मी."

 कमलिनीचा तोल सुटला. "तुमच्या खुबीपायी माझी पोर दोन दिवस आडवी आहे, मावशी! मैदा म्हणजे गहूच ना! एवढं कळत नाही तुम्हाला? परवा अजून सात घरची माणसं येतील, माझ्या शब्दावर खातील!"  कमलिनी चपला घालून निघाली.

तशीच ती हरिहररावांकडे गेली. आत्ताच्या आत्ता ग्रुपवर दुरुस्ती टाका म्हणाली. सात जणांना मी फोन करीन, पण व्हिडिओ पुढे कुठे कुठे गेला ते कुणाला माहीत!

"ऐन सणात इंदिराबाईंची बदनामी करायची?" हरिहरराव म्हणाले. "पन्नास वर्षं त्या नैवेद्य करतात. विसर्जन झालं की बघू."

आता बोला! म्हणजे पोरं आजारी पडू देत, म्हाताऱ्यांची पोटं सडू देत, अब्रू तेवढी शाबूत राहिली पाहिजे. कमलिनी त्यांच्या दारात उभी राहून जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन मजले ऐकत होते.

रविवारी आरती संपली आणि ती सरळ माइककडे निघाली. हरिहरराव आडवे आले. "ताई, तमाशा नको." त्यांची अशी रेटारेटी चाललेली असताना मागून कुणीतरी माइक उचलला. इंदिराबाई होत्या. हातात परात, वर रुमाल.

"ऐका," त्या म्हणाल्या.  "मी मोदकात मैदा घालते. पन्नास वर्षं घालते. कुणाला सांगितलं नाही. या कमलिनीच्या पोरीला माझ्याच मोदकानं बाधलं. आज नवीन तांदूळ, नवीन डबा, मैदा नाही." त्यांनी रुमाल काढला. परातीतला एकही मोदक धड नव्हता. कुणाची पारी फाटलेली, कुणातून सारण बाहेर आलेलं. "हे असलेच झाले. देवाला हेच दाखवले."

 मग मागून कुणीतरी बाई म्हणाली, "मी पण घालते हो मैदा." दुसरी म्हणाली, "माझ्या थालीपिठाच्या भाजणीत गहू असतात, मी कुणाला सांगतच नाही." तिसरीनं पंगतीच्या सांबारासाठी आणलेली हिंगाची डबी पर्समधून काढून तिच्यावरचं वाचायला घेतलं. अध्यक्ष बघतच राहिले, आणि बायका कमलिनीभोवती गोळा होऊन आपापल्या डब्यांतलं सांगायला लागल्या. पुढच्या व्हिडिओत आमचं स्वयंपाकघर घे, माझं घे, असं सुरू झालं. दोन वर्षं दारोदार फिरून जे जमलं नाही, ते एका परातीनं झालं.

सगळ्यांना वाटलं, आता कमलिनी खूश होईल. छे! तिचा राग मावळलाच नव्हता, फक्त त्याला जायला तिच्या स्वतःखेरीज दुसरी जागा उरली नव्हती. आभा मंडपाच्या खुर्चीत बसली होती, फिकट, आणि आईकडे बघत नव्हती. समोर फाटका मोदक होता. तिनं खाल्ला नाही.

पुढच्या शनिवारी नेहमीसारखा आभानं फोन धरला. कमलिनी ओट्यापाशी उभी राहिली. समोर रिकामा पिठीचा डबा.

"मागच्या व्हिडिओत मी म्हटलं, निर्धास्त खा," तिनं सुरुवात केली. "चूक इंदिरामावशींची नाही. डब्यात आधीच काय आहे, हे मी विचारलं नाही. विचारायचं काम माझं होतं."  मग कॅमेऱ्याच्या वर, फोन धरलेल्या पोरीकडे बघत म्हणाली, "माझी मुलगी सांगत होती, फक्त मोदक खाल्ले. मी तिला खोटारडी म्हटलं. पाच वर्षं जगाशी भांडते, की माझ्या लेकराच्या दुखण्यावर विश्वास ठेवा. आणि मीच ठेवला नाही."

तो व्हिडिओ चार हजार लोकांनी पाहिला. 'खोटारडी' या शब्दापासून पुढे त्यातलं चित्र सारखं हलतं. रम्या म्हणाली, एवढा भाग पुन्हा काढू या. आभा म्हणाली, नको, असाच राहू दे.