‘चालू इंजन खोलाचं नाही’ म्हणणारा माहा मामा

राठोड सरायचा फोन आला तवा मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कंपनीच्या कँटीनमध्ये डबा हातात घेऊन उभी होती. सर नागपूरहून बोलून राह्यले होते. "प्राची, उभी हायेस का बसली?" "उभी." "मंग बस." आन् पुढं काहीच नाही, नुसता दवाखान्यातल्या लोकायचा आवाज... मी बसली नाही. मले वाटलं, बसली तं खरं होऊन जाईन. आदल्याच दिवशी तं मामा शुद्धीवर आलता! तोंडात नळी असताना त्यानं मामीले हातानं खुणा करून विचारलं होतं का जीपवर कव्हर टाकलं का म्हणून. ज्याले कव्हरची फिकर हाय तो माणूस कसा जाईन? पण गेला. सुधाकरमामा, माह्या आईचा भाऊ, सरकारी हापिसातला बाबू, आन् यवतमाळात कोणाले जुनी गाडी घ्याची असली का लोकं पह्यले ज्याच्या दारात येत तो माणूस. आता काही आठवडे झाले, पण माहा हात अजून रविवारी सकाळी आपोआप त्याच्या घराकडे गाडी वळवते.

रविवारचा चहा त्याच्या पोर्चमध्ये होये, जीपच्या बाजूले. जीप वयानं माह्यापेक्षा मोठी. डिझेल, ना स्क्रीन, ना सेन्सर, काच हातानं फिरवा लागे. आमी तिघंच: मामा, मी आन् राठोड सर. सर महागावच्या शाळेत शिकवतेत, मामाचे कॉलेजपासूनचे दोस्त. त्यायनं बॅटरीवर चालणारी नवी गाडी घेतली तवापासून तं दर रविवारी महाभारत! सर म्हणत, "सुधाकरभाऊ, तुमची जीप उमरखेडहून निघाली का आमाले महागावात आवाज येते. चहा ठेवाले बरं पडते." मामा म्हणे, "आन् तुमची अंगावर येईपर्यंत समजत नाही. आमच्या गल्लीतले कुत्रे टेन्शनमध्ये हायेत, भुंकाव कधी?" मी दोघायच्या बी पार्टीत! नवीन कोणतीही गाडी बाजारात आली का मी मोबाइलवर तिचा व्हिडिओ घेऊन पळत जाये, आन् मामा चष्मा पुसून शेवटपर्यंत पाहे. हासत नसे. एअरबॅगचा व्हिडिओ त्यानं दोनदा लावाले लावला आन् म्हणाला, "हे खरं हाय व प्राची. माह्या जीपमध्ये तू आपटली तं तुले झेलाले काहीच नाही." पण मंग लगेच सरायकडे वळून, "पण तुमच्या गाडीतलं एक बटन गेलं तं पुरा डबा बदला लागते, सर. दुरुस्त करणारा माणूसच खतम होऊन राह्यला. आता नुसते बदलणारे उरले." त्याले राग कंपन्यायचा नोहता येत... त्याले भीती वाटे. जी गाडी इतके वर्ष चालून सिद्ध झाली ती लोकं भंगारात देऊन राह्यले आन् जी अजून एक पावसाळा नाही पाह्यली तिच्यावर लेकरं बसवून राह्यले, हे त्याले पटतच नसे.

त्याच्याबरोबर एकदा मी उमरखेडले गेलती, एका ओळखीच्या माणसाले जुनी गाडी घ्याची होती म्हणून. इकणाऱ्याले दुपारी येतो सांगितलं आन् मामा मले घेऊन सकाळी सकाळीच त्याच्या दारात! गेल्या गेल्या नमस्कार नाही, काही नाही, सिद्दा बोनेटवर तळहात ठेवला. गरम! तो माणूस म्हणे, "आताच दूध घेऊन आलो ना भाऊ." मामा म्हणाला, "बरं झालं. मंग आमी चहा पेतो, थंडी होऊ द्या." आन् खरंच बसला का हो अंगणात पाय पसरून! दोन पेपर वाचले. तो माणूस आत-बाहेर करून घामेजला. मंग थंडी झाल्यावर स्टार्टर मारला तं आधी खडखड आन् मागून निळा धूर... ऑइल खात होती गाडी. परत येताना मामा म्हणाला, "गरम असली का सगळ्याईचीच इंजनं गोड वाजतेत. थंडं असताना पाह्यजो. आन् दुसरी गोष्ट, चालू इंजन कधी खोलाचं नाही. एकदा खोललं का पह्यल्यासारखं बसत नाही." मी लगेच मोबाइलमध्ये टाइप करून ठेवलं. मले वाटलं, गाड्याईबद्दलच सांगून राह्यला.

गेल्या हिवाळ्यात एका दिवशी, रविवार नाही, आड दिवशी, मी सकाळी न सांगता त्याच्याकडे गेली. मैत्रिणीच्या गाडीचं चाक बसलं होतं, जॅक पाह्यजे होता. मामीनं दार अर्धंच उघडलं. "झोपले हायेत व, मंग ये." पण आतून आवाज येऊन राह्यला होता. श्वासाचा. मी मामीच्या हाताखालून आत घुसली. मामा पलंगाच्या कडेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यावर टेकून, श्वास ओढून राह्यला होता, ओठ सावळे पडलेले, आन् माह्याकडे त्यानं असं पाह्यलं जसं मी त्याले चोरी करताना पकडलं. मामीनं मले सैपाकघरात नेलं. हळू आवाजात म्हणाली, "रोजचंच हाय. रविवारी तुमी याच्या दोन तास आधी उठतेत. गोळी घेतेत, बसून राह्यतेत, श्वास जागेवर आला का दाढी करतेत. मंग तुमी येता आन् हे हासतेत." हृदयाची एक झडप खराब झालती. नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगून दोन वर्षं झालती. दोन वर्षं! "मी म्हटलं का म्हणतेत, चालू हाय ना? मंग कायले खोलाचं?"

म्हणजे रविवारी तो आमाले आपलं इंजन गरम करून दाखवून राह्यला होता.

मी चिडली, लय चिडली. बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राह्यली. "मामा, त्या उमरखेडवाल्याले तू काय केलं होतं?"

"तो गाडी इकून राह्यला होता. मी कोणाले काय इकून राह्यलो?"

"आमाले. दर रविवारी."

त्यानं तोंड फिरवलं. मंग म्हणाला, "लय शहाणी झाली तू. जॅक घे आन् जा."

त्यानंतर रविवारचा चहा होये, पण गाड्यायवर कोणी बोलतच नसे. सर कप खाली ठेवत आन् सुरू करत, "भाऊ, तारीख घेऊन टाका ना," आन् मामा उठून जीपचे टायर पाहाले जाये. एकदा सर ओरडलेच, "अरे, हे तुहं अंग हाय, जीप नोहे!" मामा म्हणाला, "जीपवर तं माहा भरोसा हाय, सर. उघडून ठेवलेल्या माणसावर नाही." मामी आतून सगळं ऐके. एक शब्द बोलत नसे. तिचं ते न बोलणं मले जास्त टोचे.

मंग महागावले एका नातेवाइकाचं लगन झालं. परत येताना मामाच चालवून राह्यला होता, मी बाजूले, मामी मागं. दुपारची वेळ, घाट उताराचा, पुढं कापसाच्या गाठी भरलेला ट्रक हळूहळू चाललेला. गिअर खाली घ्याची वेळ झाली, मामाचा हात गिअरवर होता पण पाय हलेच ना. "मामा, गिअर." तो हळूच म्हणाला, "क्लच कडक झाला वाटते..." ट्रक मोठा मोठा होत चालला, गाठींवरची ताडपत्री मले अगदी जवळ दिसली. मी दोन्ही हातानं हँडब्रेक ओढला आन् स्टिअरिंग माह्याकडे खेचलं. जीप गिट्टीवर चढली, वाकडी झाली, धक्का देऊन बंद पडली. ट्रक आपला निघून गेला, त्याले माहीतही नाही. मामी मागून वाकली आन् मामाच्या पाठीवर हात ठेवून बसली.

"क्लच चांगला हाय, मामा," मी म्हटलं.

तो उतरला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला, जीपकडे पाहात राह्यला. मामी म्हणाली, "आज मी मेली असती. हे पोट्टी बी मेली असती." एवढंच. रडली नाही. मामानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "सरले फोन लाव. नागपूरले जाऊ म्हणाव."

जीप घरापर्यंत मी चालवत आणली. क्लच लोण्यासारखा होता.

नागपूरले आमी सरायच्या गाडीतून गेलो. मामा मागच्या सीटवर, मामीच्या खांद्याले टेकून. वर्ध्याच्या पुढं कुठंतरी तो म्हणाला, "सर, गाडी चांगली हाय तुमची. पोटातलं पाणी हालत नाही." हे वाक्य ऐकाले सर किती दिवसांपासून वाट पाहून राह्यले होते! आन् आता? नुसते समोर पाहून चालवत राह्यले.

ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणाले, म्हणून मी ड्यूटीवर परत आली. मंग आधी सांगितलं तसं, शुद्धीवर आला, कव्हरचं विचारलं... आन् दुसऱ्या दिवशी हृदयानं साथ सोडली. डॉक्टर मामीले म्हणाले, हृदय लय थकलं होतं, थोडं आधी आले असते तं गोष्ट वेगळी असती. पण घरी भेटाले येणारे लोकं काय म्हणून राह्यले होते, सांगू? "हिंडता-फिरता माणूस होता. कायले नेलं नागपूरले? उगाच खोललं." मी कोपऱ्यात बसून ऐके आन् मले वाटे, जमीन फाटाव. त्या दगडावर बसून तो हो म्हणाला तवा मले केवढा आनंद झालता! मंग आमीच का... सरायले बी तेच वाटत असन, म्हणून ते पोर्चमध्ये येऊन उभे राह्यत, खुर्चीवर बसत नसत. एका दिवशी तेच वाक्य एका पाहुण्यानं परत म्हटलं तं मामी पदर सारखा करत म्हणाली, "हिंडता-फिरता तुमाले दिसे. मले नोहता दिसत." सर त्या दिवशी पह्यल्यांदा खुर्चीवर बसले.

मागच्या आठवड्यात मामीचा फोन आला. "सुट्टी काढशीन का? दवाखान्यात जाचं हाय." कोणाले काय झालं? "मलेच. काखेत गाठ हाय. शेजारच्या वहिनीसोबत तपासणी करून आली, आज रिपोर्ट हाय." कवापासून हाय, विचारलं तं म्हणे, हे होते तवापासून. "तवा काहून नाही सांगितलं व?" "यायचंच चालू होतं ना सगळं..."

मी गेली तं ती साडी नेसून पोर्चमध्ये उभी. "सरायले बोलावू का?" "सर शाळेत असतीन. जीपच चालू कर." जीपची बॅटरी इतके दिवस उभी राहून बसली होती. गल्लीतल्या चार जणायनं ढकलली तवा कुठं खोकत खोकत चालू झाली, आन् दवाखान्याच्या गेटजवळ मी बंद कराले गेली तं मामीनं माहं मनगट धरलं. "नको. आत मी एकटी जातो. तू इथं राह्य, बंद नको पडू देऊ."

ती आत गेली. मी पाय अॅक्सिलेटरवर अलगद ठेवून बसली. चौकीदार आला. "ओ मॅडम, बंद करा ना ते. पेशंट हायेत आत."

"माहा बी पेशंट आतच हाय, काका. थोडं थांबा."

"किती थांबू?"

"ते बाहेर येऊ द्या."

तो बडबडत गेला, परत आला, माह्या तोंडाकडे पाह्यलं आन् गेटच्या दुसऱ्या बाजूले जाऊन उभा राह्यला. इंजन घरघरत होतं. मी आरशात दाराकडे पाहून राह्यली होती. मंग मामी पायऱ्या उतरून आली, सावकाश, कठड्याले धरून, आन् जीपमध्ये चढून बसली. तिनंच सांगितलं.

"काढा लागते म्हणाले. सोमवारची तारीख देऊ का म्हणाले."

"मंग?"

"मंग काय. मी हो म्हटलं."