पहिलं नाव निताईदाचं

प्रज्ञा मॅडम आज सकाळी गेल्या. लेक्चरर म्हणूनच रिटायर झाल्या होत्या.

रीडर, म्हणजे लेक्चररच्या वरची जागा, मिळायला त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते त्या बोलल्या नाहीत. मी तिथेच होतो.

मी चंद्रपूरच्या कॉलेजात लायब्ररियन, मॅडम समाजशास्त्राच्या. २००० च्या आसपासची गोष्ट. गावोगावी व्हीसीडी प्लेअर आले होते, आणि ही बाई सुट्टी लागली की एसटी पकडून मुलचेऱ्याला, बंगाली निर्वासितांच्या वस्तीच्या गावाला.

स्टाफरूममध्ये लोक हसायचे. "मॅडम पिक्चर पाह्याले चालल्या."

मॅडम खरंच सीडी पाहायला जायच्या. लोकांच्या लग्नाच्या.

तिथे निताई मंडल नावाचा बंगाली माणूस लग्नाचं शूटिंग करून सीडी बनवून द्यायचा. एक गोष्ट पहिल्यांदा त्याच्या लक्षात आली. नवरा-नवरीला कोणी पाहतच नाही. लोक सीडी पुढे पळवतात आणि पंगतीत जेवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्यावर थांबवतात. म्हातारा मधल्या काळात वारलेला असतो, आणि घरात त्याचा दुसरा फोटो नसतो.

मग मॅडम घरोघरी बसल्या. बंगाल्यांच्या, आपल्या बौद्ध लोकांच्या, गोंडांच्या घरी. निताईदा सोबत. दोघांनी पुष्कळ डोकं लावलं आणि मॅडमनी इंग्रजीत लेख लिहिला. परदेशात छापून आला.

लेखावर पहिलं नाव निताई मंडल. पत्ता त्याच्या दुकानाचा. दुसरं नाव प्रज्ञा वाळके.

मी म्हटलं, "मॅडम, हे उलटं झालं."

"उलटं काऊन? पहिले त्यालेच दिसलं ना."

काही वर्षांनी युनिव्हर्सिटीत रीडरची जागा निघाली. इंटरव्ह्यूसाठी सायटेशन मागितले. म्हणजे जगातल्या इतर संशोधकांनी आपापल्या लेखात तुमच्या लेखाचा आधार किती वेळा घेतला, ते मोजून आणा.

मोजायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. नागपूरला जाऊन मोठ्या लायब्ररीतले जाडजूड खंड काढले. त्यात नोंदी पहिल्या लेखकाच्या नावाने असायच्या.

वाळके नावाखाली जेमतेम दोन-तीन ओळी.

मग मंडल काढलं. बोट ठेवलं, आणि ते खाली खाली सरकतच राहिलं. माझ्याच्याने उच्चारही होणार नाहीत अशा नावांची माणसं, कुठल्या कुठल्या देशांतली मासिकं, आणि सगळ्यांनी आधार घेतला होता तो आमच्या मुलचेऱ्यातल्या लेखाचा. आख्ख्या नोकरीत मी असं पान पाहिलं नव्हतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी त्याच्या झेरॉक्स दाखवायला मला आत बोलावलं. अध्यक्ष भला माणूस होता. त्यानेच वाट काढून दिली.

"मॅडम, हे मंडल म्हणजे माहिती देणारे. संशोधन तुमचं. एवढं सांगा, सगळे सायटेशन तुमच्या नावावर धरतो."

मी मनात म्हणतोय, हो म्हणा. नुसतं हो म्हणा.

"नाही सर. मुद्दा त्यांचा आहे. मी पडताळला आणि लिहून काढला. दुसऱ्या लेखकाचं जेवढं धरता येईल तेवढं धरा."

"दुसऱ्याचं काहीच धरता येत नाही, मॅडम."

"मग नका धरू, सर."

वर्गात हजेरी घेताना असायचा तोच आवाज. जागा दुसऱ्याला गेली.

परतताना एसटीत मी फुगून बसलो होतो. मॅडम म्हणजे आमच्या बल्लारपूरचीच पोरगी, मला बरोबर ओळखायची.

"दिलीपभाऊ, काऊन चेहरा पाडून राह्यले? त्याचं होतं ते मी माह्या नावावर केलं असतं, त मंग मुलचेऱ्याले कोणत्या तोंडानं गेली असती?"

तेव्हा राग आला होता. थोडा अजून आहे. पण एवढं मोठं माणूस मी इतक्या जवळून दुसरं पाहिलं नाही, हेही तितकंच खरं.

पुढे बाहेरचे संशोधक लेखातला पत्ता शोधत निताईदाच्या दुकानात येऊ लागले. तो बिचारा घाबरायचा. चहा पाजून त्यांना चंद्रपूरला मॅडमकडे पाठवायचा. मॅडम त्यांना जेवू घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत मुलचेऱ्याला न्यायच्या. "पहिले मंडलदाले विचारा." आणि स्वतः बाजूला बसून त्याचं बोलणं इंग्रजीत सांगत राहायच्या. तासन् तास. मी एकदा सोबत गेलो होतो. निताईदा बोलताना मॅडम अशा ऐकत होत्या, की जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत.

आज दुपारी निताईदाला फोन लावला. सांगितलं.

मग म्हणाला, "दादा, अब बाहरून कोणी आलं, त मी त्याले कोणाकडे पाठवू?"



अखेरचा जय भीम, मॅडम.