हेमूचा वारा

भिवंडीत धूर दिसला की माणूस आधी दिशा बघतो. वळ गावाच्या बाजूला असेल तर गोदाम, गावात असेल तर लूमचा कारखाना, खाडीकडे असेल तर कुणीतरी कचरा पेटवलेला. त्या दुपारी शाळेच्या गॅलरीतून दिसला तो धूर टेमघरच्या अंगाला होता, बारीक आणि पांढुरका. "भंगारवाला वायरी जाळत असेल," असं मी शेजारच्या बाईंना म्हटलं आणि सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवायला गेले. तास संपायच्या आत शिपाई दारात येऊन उभा राहिला. नुसतं म्हणाला, "मॅडम, पर्स घ्या..." आणि माझ्या हातातलं पुस्तक त्यानेच मिटून टेबलावर ठेवलं.

धूर माझ्या धाकट्या भावाच्या घरातून येत होता. हेमंत, म्हणजे आमचा हेमू. जिन्याखालच्या खोलीत त्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती, त्याने स्वतः घरी बनवलेली. ती पेटली. रेवती, त्याची बायको, ऑफिसात होती म्हणून वाचली. हेमू बाहेर पळाला होता म्हणतात, पण बॅटरी ओढून अंगणात काढायला पुन्हा आत गेला. भाजला थोडाच, पण तो धूर छातीत गेला आणि बसला. हॉस्पिटलात मी त्याच्या तोंडाशी कान नेला तेव्हा मास्कच्या आतून तो जे बोलला ते मी रेवतीलाही पुष्कळ दिवसांनी सांगितलं. आईचं विचारेल, रेवतीचं विचारेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "ताई, ग्रुपवर कुणाला कळू देऊ नको. कारलं हसेल." ते त्याचं शेवटचं बोलणं.

हे कारलं कोण, ते सांगायचं तर आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बाजू घेणं हा खानदानी रोग आहे. बाबांनी आयुष्यभर एकाच कंपनीची ट्यूबलाइट वापरली आणि शेजाऱ्यांची दुसऱ्या कंपनीची ट्यूब फडफडली की त्यांना घास गोड लागायचा. नाक्यावर वडापावच्या दोन गाड्या होत्या. हेमूने लहानपणी त्यातली एक आपली मानली आणि दुसऱ्या गाडीवरचा वडा शेवटपर्यंत तोंडात घातला नाही. मी एकदा न सांगता तिथला आणून खाऊ घातला तर "आज वडा मस्त झालाय" म्हणून तीन खाल्ले, आणि खरं कळल्यावर आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

हेमू कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट होता. प्रयोगाची सगळी मांडामांड त्याची, बिघडलेलं यंत्र चालू करणार तो, पण मुलं 'सर' म्हणायची ती शिकवणाऱ्याला. ह्याला नुसतं "ओ, हे चालत नाय बघा." हे त्याला लागायचं, बोलायचा मात्र नाही. मग काही वर्षांपूर्वी त्याला तो ग्रुप सापडला. इन्व्हर्टर, सोलर, बॅटऱ्या, इलेक्ट्रिक गाड्या, असल्या विषयांवर महाराष्ट्रभरची हजारो माणसं तिथे बोलायची. हेमूने तिथे 'करंट' असं नाव घेतलं, आणि बघता बघता त्याचा 'करंटदादा' झाला. कुणाची बॅटरी का टिकत नाही, कुणाचा चार्जर का तापतो, हा जेवण बाजूला ठेवून समजावून सांगायचा. एकदा परभणीकडच्या कुणा मुलीने त्याच्या सांगण्यावरून बंद पडलेला इन्व्हर्टर सुरू केला आणि दादांच्या नावाने पेढे वाटले, तेव्हा तो फोटो त्याने आईला चष्मा लावून दाखवला होता. त्या ग्रुपवर मी कितीही नाकं मुरडली तरी हे कबूल करायला हवं की माझ्या भावाला त्याचा मान तिथे मिळाला, आमच्यात नाही.

पण माणसं जमली की तट पडतात, तसे तिथेही पडले. एकीकडे बॅटरी स्वतः घरी बांधणारे आणि दुसरीकडे कंपनीचीच घ्यावी म्हणणारे. हे त्यांना 'दलाल' म्हणायचे, ते ह्यांना 'डबेवाले'. सुरुवातीला भांडण व्होल्ट आणि अँपिअरवरून व्हायचं, पुढे कुणाचं शिक्षण किती, कुणाचा जिल्हा कुठला, इथवर जायचं. डबेवाल्यांचा म्होरक्या आमचा हेमू. आणि समोरच्या बाजूला जो सगळ्यात जहरी होता त्याने नाव घेतलं होतं 'कडूकारलं'. घरी बांधलेल्या बॅटरीचा डबा कुणाचाही असो, फोटो दिसला की कारलं लिहिणार, "बॉम्ब बनवलाय. घरच्यांचा विमा काढा." हेमू पोळीचा तुकडा हातात धरून उत्तर लिहीत बसायचा. रेवती म्हणायची, "ताई, आमच्या घरात आम्ही तिघं राहतो. मी, हे आणि कारलं."

आता त्या डब्यांविषयी. वळच्या गोदामांत ऑनलाइन मागवलेला आणि लोकांनी परत केलेला माल येऊन पडतो आणि लॉटने विकला जातो. लॉटमध्ये काय निघेल ते नशीब. हेमूला अशाच एका लॉटमध्ये चपटे, चकचकीत बॅटरीचे सेल मिळाले, पुष्कळ आणि कोरे दिसणारे. त्यातून त्याने दोन डबे बांधले आणि दोन्हींना निळा रंग दिला. एक स्वतःच्या स्कूटरला. दुसरा माझ्याकडे, कारण आई माझ्याकडे असते, अंथरुणाला खिळलेली, आणि टेमघरची लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. तो डबा त्याने आईच्या पलंगाच्या उशाशी बसवला आणि तिचा पंखा त्याला जोडला. लाइट गेली की घर गप्प व्हायचं, टीव्ही, फ्रिज, खालच्या गल्लीतले लूम, सगळं... आणि आईचा पंखा तेवढा फिरत राहायचा. आई वर बघून म्हणायची, "हा हेमूचा वारा." दर रविवारी हेमू यायचा, आईच्या कपाळाला पालथा हात लावायचा आणि लगेच तोच पालथा हात डब्याला लावायचा. "दोघांनाही ताप नाही," असं जाहीर करून चहा मागायचा. मला तेव्हा वाटायचं, माझ्या घरात सगळ्यात भरवशाची वस्तू कुठली तर हा डबा.

दुर्घटनेच्या काही दिवस आधी त्याने स्कूटरचा डबा उघडून फोटो टाकला होता. नेहमीप्रमाणे वाहवा झाली आणि नेहमीप्रमाणे कारलंही आलं. पण ह्या वेळी लिहिलं होतं, "डाव्या कोपऱ्यातला सेल फुगलाय. काढ तो. अर्थात तुला अक्कल असती तर भंगारातनं उचललाच नसता." हेमू माझ्या स्वयंपाकघरात बसून ते मोठ्याने वाचत होता. मी म्हटलं, "मग बघ ना एकदा, फुगलाय का." तो उसळला. "ताई, ह्या माणसाने आजवर आपल्या एका तरी डब्याला बरं म्हटलंय का? सावली आहे ती, फोटोतली. मी तो काढला ना, तर उद्या हा गावभर सांगेल की करंटने हार मानली." मी चहा ओतत होते. माझाही भाऊच तो, मलाही वाटलं, हो, ह्या कारल्याला काय कळतंय... रविवार होता. त्याने आईला हात लावला, आमच्या डब्याला हात लावला आणि गेला.

तो गेल्याचं ग्रुपवर कळायचं ते कळलंच. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "दोष चार्जरचा असणार, बॅटरी दादांनी बांधली होती." त्यावर समोरून, "अजून डोळे उघडत नाहीत का?" आणि मग जी जुंपली ती दहाव्याला जुंपलेली होती, तेराव्यालाही होती. दोन्ही बाजूंची माणसं रेवतीला फोन करायची. सांत्वनाची दोन वाक्यं व्हायची आणि मग, "वहिनी, जळालेल्या डब्याचा एक फोटो मिळेल का? आतल्या बाजूचा?" ग्रुप चालवणाऱ्याला मी विनंती केली की हे थांबवा, तिचं माणूस गेलंय. त्याने नम्रपणे कळवलं की चर्चा तांत्रिक स्वरूपाची आहे. मला त्या दिवशी इतका संताप आला की मी ताट सरकवून उठले.

तेराव्यानंतर एक माणूस माझ्या घरी आला. रेवती तेव्हा माझ्याकडेच राहत होती. पांढरी गाडी, पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी. दारातच म्हणाला, "मी बाळाराम. अंबाडीला आपला शोरूम हाय, बॅटऱ्यांचा न् स्कूटरींचा." मला वाटलं हाही फोटो मागायला आलाय. रेवतीने पाणी दिलं ते त्याने हातात धरून ठेवलं. "ताई, तो कारला... तो मीच."

अंबाडी! भिवंडी-वाडा रस्त्याला, गाडीने तासाभरावर. इतकी वर्षं हेमूला वाटायचं हा पुण्या-मुंबईचा कुणी सुटाबुटातला दलाल आहे, आणि ह्याला वाटायचं करंट म्हणजे कुठला तरी पगारी प्रोफेसर. एका रस्त्यावरची दोन माणसं, समोरासमोर चहा प्याली असती तर... रेवतीच म्हणाली, "तुम्ही लिहिलं होतं त्यांना."

"लिवला व्हता. पन मी सगल्यांनाच तसा लिवायचो, वहिनी. दिसो ना दिसो, बॉम्ब म्हनून ठोकून द्यायचा. मजा यायची, धंद्याचाही फायदा. त्या दिवशी खरंच दिसला. खरंच फुगला व्हता." हातातलं पाणी त्याने न पिताच खाली ठेवलं. "निस्ता फुगलाय येवढाच लिवला असता, पुढचा अकलेचा न्हाय, तर त्यांनी काढला असता का हो?"

रेवती आत निघून गेली. जाताना बाळाराम मला म्हणाला, "त्या लॉटमधला दुसरा डबा तुमच्याकडं हाय ना? त्यांनीच टाकलावता फोटो, आईच्या पलंगाचा. तो घरात ठेवू नका, ताई. मी नेतो, मोकल्यावर नेऊन ठेवतो." मी त्याला सरळ सांगितलं, नाही. माझ्या भावाने दिलेली वस्तू, आणि नेणार कोण, तर हा? हेमूचे ग्रुपवरचे दोस्तही फोनवर हेच म्हणाले होते: "ताई, तो डबा म्हणजे दादांची आठवण आहे, कुणाच्या सांगण्यावरून हलवू नका." मला ते फार बरं वाटलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी आईच्या कपाळाला हात लावला आणि सवयीने तोच पालथा हात डब्याला लावला. लाइट सकाळपासून होती, डबा भरलेला होता, त्याला काही काम नव्हतं. तरी तो कोमट लागला. उन्हाने असेल म्हणून पडदा ओढला, थोड्या वेळाने पुन्हा हात लावला. तसाच... आई उशीवर डोकं ठेवून शांत पडली होती आणि तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर तो निळा डबा होता. मी अंबाडीच्या शोरूमला फोन केला. बाळाराम म्हणाला, "आईला आधी बाहेरच्या खोलीत न्या, डब्याला हात लावू नका, निघालोच." घमेल्यात रेती घेऊन तो टेम्पोने आला. डबा अंगणात उघडला. आतला एक सेल उशीसारखा फुगला होता. त्याने मान वर केली नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही. रेतीत पुरून तो डबा त्याने टेम्पोत घातला आणि गेला.

हे लिहिते आहे ते एवढ्यासाठी. हेमूने डबा कसा बांधावा त्याची कृती ग्रुपवर पायरीपायरीने लिहून ठेवली होती. ती अजून तिथे आहे, आणि तो गेल्यापासून लोक ती जास्तच आवडीने करतात. वळच्या लॉटमधले ते सेल तो हौसेने मागेल त्याला पाठवायचा, हेही मला आता कळलं. परवा एकाने फोटो टाकला, "करंटदादांच्या स्मरणार्थ." निळाच रंग दिलेला. डबा एका पलंगाखाली होता आणि पलंगावर लहान मुलाची कार्टूनची चादर. मी माझ्या खऱ्या नावाने लिहिलं की मी हेमंतची बहीण, आमच्या घरातला डबाही तापला, सेल फुगला होता, तुमचा आजच्या आज घराबाहेर काढा. पहिलं उत्तर लगेच आलं. "ताई, आदर आहे. पण हे तुम्हाला कारल्याने लिहायला सांगितलं का?" त्याखाली पुष्कळांनी अंगठे उंचावले होते. चादरवाल्याने काहीच लिहिलं नव्हतं. त्याला मी वेगळा निरोप पाठवला, "काढलात का?"

काल संध्याकाळी लाइट गेली. टीव्ही थांबला, फ्रिज थांबला, लूम थांबले आणि मग पंखाही हळूहळू थांबला. आई छताकडे बघत होती. "हेमूचा वारा कुठे गेला ग?" मी उत्तरपत्रिकांखालचा पुठ्ठा ओढून काढला आणि तिला वारा घालायला लागले. उशाशी, डब्याच्या जागी, भिंतीवर एक निळसर चौकोन राहिला आहे. नकळत माझा पालथा हात तिथे गेला. भिंत गार होती. शेजारी फोन पडला होता, त्याच्याकडेही मी मधूनमधून बघत होते. चादरवाल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.