सात कॉप्या आणि लाल चौकोन

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. मी जो गाढवपणा केलाय तो ऐकताना सांडलात तर मला बोलायचं नाही!

तर आमच्या सासऱ्यांची, आबांची, पंचाहत्तरी होती. आबा मूळचे साताऱ्याकडचे, पण उभा जन्म एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलण्यात गेला. मी ठरवलं, त्यांच्या तिथल्या दोस्तांचे व्हिडिओ घ्यायचे, जोडायचे आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचे. सरप्राइज!

तीन आठवडे मोबाइल घेऊन गोण्यांमधून फिरले हो मी. अकरा जण बोलले. मारुतीकाका तर कॅमेऱ्यासमोर यायलाच तयार नव्हते. शेवटी आले आणि चाळीस सेकंदांत ढसाढसा रडले. काय सांगू, सोनं होतं सोनं!

एडिटिंगला मी एक नवंकोरं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. बीटा. म्हणजे अजून कच्चं आहे, वापरून बघा, बिघडलं तर कळवा, असलं. उघडल्या उघडल्या त्याने बजावलं, प्रोजेक्ट फाइलची कॉपी जपून ठेवा.

जपून ठेवा? मला सांगता? एक नाही, सात कॉप्या केल्या! एक पेनड्राइव्ह कपाटात दागिन्यांजवळ. एक देवघरात गणपतीच्या मागे. एक तांदळाच्या डब्यात. एक नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत, त्याला अजून पत्ता नाही. बाकीच्या कुठे ठेवल्या ते मलाच शोधावं लागलं.

मग लॅपटॉप म्हणाला, जागा संपली. म्हटलं घाबरतोस काय, प्रोजेक्ट सात ठिकाणी आहे! मूळचे व्हिडिओ उडवून टाकले. मोबाइलमधले तर आधीच काढले होते.

शुक्रवारी दुपारी, कार्यक्रमाला दोन दिवस असताना, सहज प्रोजेक्ट उघडला. मारुतीकाकांच्या जागी लाल चौकोन! 'फाइल सापडत नाही.' पुढे गेले, लाल. आणखी पुढे, लाल!

कपाटातला पेनड्राइव्ह लावला. लाल. गणपतीमागचा लावला. लाल! तांदळाचा डबा ओट्यावर पालथा केला. तांदूळ पांढरे, बाकी सगळं लाल!

माझी नणंद रबाळ्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला फोन लावला.

"वर्षाताई, या बीटाने घात केला! सगळं खाल्लं त्याने!"

"वहिनी, मूळ व्हिडिओ कुठेत?"

"उडवले. प्रोजेक्ट आहे ना सात ठिकाणी."

तिने कपाळावर हात मारलेला मला फोनवर ऐकू आला.

"अहो, प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतात! कुठला व्हिडिओ कुठे कापायचा, खाली काय नाव टाकायचं, एवढंच लिहिलेलं असतं. तुम्ही यादी तिजोरीत ठेवलीत आणि किराणा फेकून दिलात!"

"अगं बाई!"

"रिसायकल बिन बघा."

"तेही रिकामं केलं."

"का?"

"स्वच्छ दिसावं म्हणून!"

हसत होती हो ती! सख्खी नणंद!

काय करणार? रडवेल्या आवाजात मारुतीकाकांना फोन केला. "काका, परत एकदा शूटिंग करायचं का?"

"आरं तिच्या! त्या मोबाइलच्या डब्यापुढं मी परत रडायचो न्हाय."

"काका, प्लीज."

"कारेक्रम कदी हाय म्हनलीस? ऐतवारी? मग मीच येतो की. आब्याच्या तोंडावर बोलतो. ह्या बाकीच्या धा जणांस्नी बी आणतो."

आणि आले की सगळे! रविवारी तोच प्रोजेक्ट लावला. पडद्यावर लाल चौकोन, खाली 'मारुतीकाका' एवढंच नाव, आणि पडद्यासमोर खुद्द मारुतीकाका. चाळीस सेकंद कसले, वीस मिनिटं बोलले. आबाही रडले, सगळा हॉल रडला. असे एकामागून एक अकरा जण, अकरा लाल चौकोन.

शेवटी पडद्यावर हे एवढाल्या सोनेरी अक्षरांत आलं, 'संकल्पना, छायाचित्रण, संकलन: सौ. स्वाती.' ते मात्र एका टिंबानेही हललं नव्हतं.

आबांनी डोळे पुसले, पडदा वाचला आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "स्वाती, ही समदी तर हितं येऊन बोलली. मग तू नेमकं काय केलंस गं?"

"नाव टाकलं, आबा. माझं."