माझी दूधसुट्टी

मी माझ्या आठ महिन्यांच्या मुलावर जळत होतो. अधूनमधून नव्हे, रोज, मन लावून. आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटतही नव्हतं.

आम्ही नवराबायको दोघंही नागपुरातल्या एका कापडाच्या मिलमध्ये कामाला होतो. मी मागावर, आणि माझी बायको भागीरथी सुताच्या लडी करण्याच्या खात्यात. राज्य इंग्रजाचं होतं असं म्हणतात. आमच्यावर खरं राज्य मिलच्या भोंग्याचं होतं. त्यानं हाक मारली की उठायचं, त्यानं सोडलं की घरी यायचं. नाम्या झाला तेव्हाही भागीरथीला पहिली कळ आली ती भोंगा वाजतानाच! (पोरगं मिलचंच आहे, असं त्यावरून सगळ्या चाळीनं ठरवून टाकलं.)

भागीरथी पुन्हा कामावर जायला लागली तेव्हा बाकीच्या बाया करायच्या तेच आम्ही केलं. सकाळी पोराला मोहरीएवढी अफूची गोळी चाटवायची, शेजारच्या म्हातारीच्या ओट्यावर निजवायचं आणि पळायचं. एका संध्याकाळी घरी आलो तर नाम्या उठेचना. तोंडाला पाणी लावलं, तळपायाला टिचक्या मारल्या, कानात हाका मारल्या. दिवेलागणीला तो एकदाचा रडला, आणि त्याच्यासोबत आम्ही दोघंही रडलो. भागीरथीनं त्याच क्षणी गोळ्यांची डबी उकिरड्यावर फेकली. म्हणाली, "काम सोडीन, उपाशी मरीन, पन आता माह्या पोराले हे जहर देनार नाही." आणि ती बोलली म्हणजे बोलली.

नेमकं त्याच उन्हाळ्यात मिलनं पाळणाघर काढलं. रुईच्या गोदामामागची एक खोली चुन्यानं रंगवली, आढ्याला पाळणे टांगले, वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि सगुणाबाई नावाची एक खमकी सुईण नेमली. आयांनी सकाळी पोरं आणून द्यायची, आणि दिवसातून दोनदा घंटा झाली की पाळीपाळीनं येऊन पाजून जायचं. मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "कामात खोट आली तर दुसऱ्या दिवशी बंद!" या पाजण्याच्या सुट्टीला बायकांनी नाव ठेवलं दूधसुट्टी. भागीरथीचं काम राहिलं, नाम्या राहिला, घर राहिलं. मी सुखी व्हायला हरकत नव्हती.

पण भागीरथी रोज घरी येऊन सांगायची ना!

"अजी, आज नाम्याले तेल लावून आंघोळ घातली. मंग मिलच्या कापडाचं झबलं घातलं."

"हूं," मी.

"आत इतकं गार रायते बाप्पा! ताट्यायवर पानी मारते, वरून पंखा. आमाले बी बसाले चटई देते. अन् पाजून झालं का गुळाचं पानी."

"गुळाचं पानी?" माझा घास हातातच राहिला.

"अंगावर पाजनाऱ्या बाईले लागते म्हने. तुमी काहून असे पाहून राह्यले? जळता का काय?"

"मी काहून जळू? माह्या पोटच्या गोळ्यावर?"

जळत होतोच! माझ्या खात्यात धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद, वरून वाफ सोडलेली, बाहेर वैशाख. घाम डोळ्यांतून निघायचा. कानाशी मागांचा खडखडाट, पाठीशी जॉबरचा, म्हणजे आमच्या मुकादमाचा, आवाज. आणि तिकडे आमचे चिरंजीव तेल लावून, न्हाऊन, नवं झबलं घालून वाळ्याच्या वासात पहुडलेले! एक सूत न कातता! शिवाय माझी हक्काची बायको दिवसातून दोनदा त्याच्या भेटीला जाते, आणि माझ्या मागाकडे वळून पाहत नाही.

त्यात शेजारच्या मागावर पांडबा. हा माणूस दुसऱ्याच्या चुलीत फुंकर घालण्यासाठीच जन्माला आलेला.

"सदाशिवा," तो म्हणायचा, "तुह्या बायकोले दोन सुट्ट्या, अन् तुले बिडी प्याची त संडासात लपा लागते. हा कोनता न्याय हाये गा?"

"ते पोराले पाजाची सुट्टी हाये रे."

"पोरगं का तिचं एकटीचं हाये? तुहं नाही?"

हे मला अजून सुचलंच नव्हतं. पोरगं माझंही होतं! मग अर्धी सुट्टी माझी का नाही? दोन दिवस हा विचार माझ्या डोक्यात मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे धावत राहिला आणि तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, निदान एकदा तरी त्या खोलीत बसून यायचंच.

बाप्या माणसाला आत जायची सक्त मनाई होती. म्हणून मी तेलाची कुपी उचलली, जॉबरला सांगितलं की पाळणाघरातून बोलावणं आलंय, आणि पाळणाघरात सांगितलं की जॉबरनं पाठवलंय. (खोटं बोलायचं तर दोन्ही टोकांना सारखं बोलावं, गाठ घट्ट बसते.) दुपारच्या घंटेला अजून वेळ होता, त्यामुळे आत एकही बाई नव्हती.

"कशाले आला?" सगुणाबाई दारातच आडवी.

"पाळन्याच्या कड्यायले तेल टाकाले. कुरकुरून राह्यल्या म्हने."

"कुरकुरून त राह्यल्याच," ती म्हणाली आणि तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू भागीरथीचा घरवाला न? बरा आला. माहं माठातलं पानी सरलं. मी घागर भरून आनतो, तंवर तू इथं बस. हे दोरी हातात अन् हे पायात. हळू ओढजो. अन् ध्यानात ठेव, एकबी पोट्टं जागं होता कामा नाही!"

तिची काम करायची पद्धत अशी होती: सगळे पाळणे एका लांब दोरीला बांधलेले, ती दोरी हातात. वरच्या झालरीच्या पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्यात. भिंतीला टेकून बसायचं, हात आणि पाय हलवत राहायचं, की सगळी खोली डुलायची. मी बसलो. काय सांगू! गार चटई, वाळ्याचा वास, वरून वारा, समोर निजलेली पोरं, सगळी सारख्याच झबल्यांत. नाम्या पहिल्याच पाळण्यात, तोंड उघडं टाकून. मी मनात म्हटलं, लेका, रोज एवढी चैन करतोस आणि घरी येऊन वर रडतोस?

थोड्या वेळानं अंगठा दुखायला लागला. हाताची लय धरली की पायाची सुटे, पायाची धरली की हात थांबे. तेव्हा माझ्यातला विणकर जागा झाला. मागावर एका दांड्यानं दहा कामं होतात आणि इथं दोन दोऱ्यांना दोन अवयव! या सुईणीला कोणी शिकवलंच नाही, असं म्हणून मी दोन्ही दोऱ्या एकत्र बांधल्या. विणकराची गाठ मारली, जी ओढावी तेवढी घट्ट होते. मग दोन्ही हातांनी, भिंतीला पाय देऊन, एक मस्त झोका दिला.

आता पंख्याला हिसका लागतो आणि पाळण्याला नुसतं बोट, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पंखा जेमतेम हलला. पाळणे मात्र सगळेच्या सगळे आढ्याच्या दिशेनं निघाले! आणि मग तो जड पंखा परत फिरला आणि पाळण्यांना त्यानं उलटीकडे ओढून नेलं. मी थांबवायला गेलो तर दोरीनं मलाच दोन हात पुढे खेचलं. सगुणाबाई प्रत्येक पोराला कमरेशी फडक्यानं बांधून ठेवायची म्हणून एकही पडलं नाही, तिचे उपकार. पण एक जागं झालं. त्यानं डोळे उघडले, आढं जवळ आलेलं पाहिलं आणि असा टाहो फोडला की त्याचं ऐकून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं ऐकून साऱ्यांनी!

"गप रे! गप रे माह्या राजा!" मी एकेका पाळण्याशी धावत सुटलो. गाठ सोडवायला गेलो, ती सुटेना. (मीच मारली होती ना!) शेवटी निदान आपलं पोर तरी गप करावं म्हणून नाम्याला उचलून छातीशी धरलं. पाजायची वेळ जवळ आलेली, पोर भुकेलेलं. माझ्या बंडीचे बंद सुटलेले होते. त्यानं क्षणभर हुंगलं, आणि मग घट्ट तोंड लावलं.

मी ओरडलो. तो ओरडला. माझ्याकडे काही नाही हे कळल्यावर तर तो असा ओरडला की बाकीची पोरं दोन क्षण गप्प झाली.

लडीचं खातं पाळणाघराच्या भिंतीला लागूनच होतं. आणि पोराचं रडणं ऐकलं की पाजत्या बाईचं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. घंटा नाही, पाळी नाही, हुकूम नाही. सगळ्या बायांना एकदम पान्हा फुटला, आणि हातातल्या लडी हातातच ठेवून साऱ्या जणी धावत आल्या. सगळं खातं बंद! दारातून एकदम आत घुसल्या, आणि पाहतात तर काय, मिशावाला बाप्या, उघडी छाती, त्याला चिकटलेलं पोर!

"अवं माय वं!" एक किंचाळली.

"भागीरथी, पाय वं, तुहा घरवाला पाजून राह्यला!" दुसरी.

भागीरथीनं माझ्याकडून नाम्या ओढून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि पदराखाली घेतला. साऱ्या बायांनी तेच केलं. मी पाठ फिरवून कोपऱ्यात ताटीला नाक लावून उभा राहिलो. तेवढ्यात सगुणाबाई घागर घेऊन परतली, आणि तिच्यामागोमाग, टोपी काढून वारा घेत, मॅनेजरसाहेब.

"ये क्या तमाशा है?" ते दाराबाहेरूनच गरजले. "पूरा खाता बंद! मैंने पहले ही बोला था। कल से ये पाळणाघर बंद!"

पोरं मात्र चुटुचुटु पीतच होती. मला ती संध्याकाळ आठवली, ते उठेनासं झालेलं पोर आठवलं. भागीरथी काम सोडणार, इतरांच्या घरी अफूच्या डब्या पुन्हा निघणार, आणि हे सारं माझ्या एका झोक्यापायी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भागीरथी नाम्याला खांद्यावर टाकून दाराशी गेली.

"साहेब, पाळनाघराचा काई गुन्हा नाही. गुन्हा माह्या घरवाल्याचा हाये."

"क्या किया इसने?"

"जळते तो."

"किससे जलता है?"

"ह्या पोट्ट्यावर!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नाम्याकडे पाहिलं. नाम्यानं ढेकर दिली.

"अन् साहेब," भागीरथी पुढे बोलतच राहिली, "पोरगं घरी अफू खाऊन पडलं असलं न, त आईचं ध्यान लडीत रायत नाही. धागा तुटते. इथं हाये त हात चालते. खोटं वाटते त आमच्या खात्याच्या मास्तरले इचारा. बंद कराचंच असन त ह्या मानसाचं येनं बंद करा, पोरायचं दूध नोको."

"आमी चाललो कामावर," मागून एक बाई म्हणाली, आणि खरंच, निजलेली पोरं पाळण्यात ठेवून एकेक बाई निघालीसुद्धा. थोड्याच वेळात भिंतीपलीकडे खातं पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. साहेब तो आवाज बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग टोपी डोक्यावर ठेवली.

"बाई लोग की छुट्टी चलेगी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "और तुमको भी छुट्टी चाहिए? ठीक है। रोज आओ। घंटा बजे तब आओ। सगुणाबाई, इसको काम दो।"

तर दुसऱ्या दिवसापासून माझी दूधसुट्टी सुरू झाली. घंटा झाली की बायका पुढच्या दारानं गारव्यात जायच्या आणि मी मागच्या बाजूला, नळावर, रणरणत्या उन्हात, साऱ्या पोरांच्या लंगोटांच्या ढिगाऱ्यासमोर. भागीरथी आतून गुळाचं पाणी पिता पिता विचारायची, "अजी, गार वाटून राह्यलं न?"

मागखात्यात मात्र हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसायचं की रोज घंटेला सदाशिव माग दुसऱ्याच्या हवाली करून पाळणाघराकडे जातो आणि हातपाय धुऊन ओलाचिंब परततो. पांडबाला तर अन्न गोड लागेना.

"काय नशीब काढलं गा तुनं!" तो म्हणाला. "आत गार असन न?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता, लंगोट. पण उभ्या जन्मात माझा हेवा करणारा पहिला माणूस माझ्यासमोर उभा होता! मी साबणानं सुरकुतलेली बोटं धोतराला पुसली आणि म्हणालो, "काय सांगू पांडबा, तिथून पाय निघत नाही!"

झालं. पांडबा तडक सगुणाबाईकडे गेला आणि म्हणाला, सदाशिवाला घेता तर मलाही घ्या. ती कशाला नाही म्हणते? पिळायला दोन माणसं बरीच! तो नळावर आला, ढिगारा पाहिला, मला अशा शिव्या दिल्या की इथं लिहिता येत नाहीत, आणि लाजेनं परतही जाऊ शकला नाही. आता दोघं मिळून खात्यात सांगू लागलो की तिथून पाय निघत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण आठवड्याभरात सगुणाबाईनं पांडबाचे वाळत घातलेले लंगोट हातात धरून, साऱ्या बायांदेखत, आणि भागीरथीदेखत, सांगितलं, "पाहा, याचे कसे बगळ्यावानी पांढरे निघते! सदाशिवा, याच्यापासून शिक जरा."

त्या दिवशी घरी भागीरथीनं माझ्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं. मला एक घास गेला नाही.